मोहरीएवढे भोक आणि जाळीचा हिशेब

माझ्या गाडीचा ऑईल कूलर, म्हणजे इंजिनाचे तापलेले ऑईल वाऱ्याने थंड करणारी नळ्यांची चौकट, फुटला तेव्हा ऑईलच्या दाबाचा काटा जागचा हललासुद्धा नव्हता, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. गाडी दोन आसनी, मध्यभागी इंजिन असलेली, नाकाशी जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पुढे एक ट्रक चालला होता. त्याच्या मागच्या जोडचाकांतून निसटलेला एक खडा बंपरच्या डाव्या तोंडात शिरला आणि 'टण्' असा बारीक आवाज आला. पण असल्या गाड्या चालवणाऱ्याच्या कानाला हे आवाज सरावाचे असतात, त्यामुळे मी तो कानाआड केला. पंधरा-वीस मिनिटांनी एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि जळक्या ऑईलचा वास आला. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. डाव्या पुढच्या चाकाची कमान आतून काळ्या, चकचकीत थराने माखली होती, टायरच्या आतल्या कडेवर ऑईल पसरले होते आणि ब्रेकच्या गरम तबकडीवरून धुराची एक रेघ वर येत होती.

डिपस्टिक काढून पाहिली तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. काटा मात्र शेवटपर्यंत नेहमीच्या जागी होता. याचे कारण नंतर शांतपणे विचार केल्यावर उलगडले. कूलर पंपाच्या दाबाच्या बाजूला असतो. गरम इंजिन वेगात फिरत असताना तिथे चार बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे कूलरला पडलेले भोक हा सतत उघडा राहिलेला नळ असतो. पण भोक लहान असेल तर पंप ती गळती सहज भरून काढतो आणि दाब टिकून राहतो. संपमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठते त्या भांड्यातली, पातळी इतकी खाली जाते की पंपाच्या तोंडात ऑईलऐवजी हवा शिरू लागते, तेव्हाच काटा कोसळतो, आणि त्यानंतर बेअरिंग वाचवण्यासाठी हाताशी काही सेकंदच उरतात. दाबाचा काटा गळतीची बातमी देत नाही, गळतीचा परिणाम सांगतो. मला वाचवले ते वासाने.

इंजिन मागे आणि कूलर पुढे, ही मांडणी पाहणाऱ्याला थोडी उलटी वाटते, पण ती जुनी आणि विचारपूर्वक केलेली आहे. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असूनसुद्धा १९६९ च्या ९११ एस मॉडेलपासून ऑईल थेट पुढच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरपर्यंत नेलेले होते. त्या इंजिनांना पाण्याचा रेडिएटर नव्हताच, त्यामुळे १९९८ पर्यंत चाललेल्या त्या हवेने थंड होणाऱ्या मालिकेत ऑईलच्या माथी उष्णता वाहून नेण्याचेही बरेच काम होते. नाकाशी येणारी हवा ताजी, थंड आणि दाबाखाली असते, इंजिनाच्या कप्प्यातली हवा तापलेली आणि सुस्त असते. म्हणून कूलर पुढे हवाच. पण जिथे चांगली हवा पोचते तिथे खडा, चिखल, पाने आणि किडेही पोचतात, आणि या दुसऱ्या भागाची तजवीज माझ्या गाडीत जवळजवळ नव्हती. बंपरच्या तोंडाला प्लास्टिकच्या चार आडव्या पट्ट्या होत्या. दोन पट्ट्यांमधून माझा अंगठा सहज आत जात होता.

कूलर काढताना पहिली काळजी घ्यायची ती जोडांची. होजचा नट एका पान्याने सोडवायचा आणि कूलरच्या तोंडावरचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमचे पातळ तोंड बुडाशी पिळले जाते आणि एका दुरुस्तीची दोन कामे होतात. दोन्ही जोड सुटल्यावर कूलर पालथा करून रात्रभर निथळू दिला, एक तोंड बंद केले, दुसऱ्यातून सुमारे दोन बार दाबाची हवा भरली आणि तो पाण्याच्या बादलीत बुडवला. बुडबुड्यांची एकच माळ वर आली. खालून तिसऱ्या नळीवर, दोन फिनांच्या (नळीची उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या) मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढे भोक होते. त्याच्या भोवती फिना चंद्रकोरीसारख्या दबलेल्या होत्या, म्हणजे खडा तिरका आला होता आणि त्याचे टोक नेमके नळीवर टेकले होते. अर्धा सेंटीमीटर वर लागला असता तर नुसत्या फिना वाकल्या असत्या आणि मी हे लिहीत बसलो नसतो.

वेल्डिंग करून घ्यावे का, असा विचार मनात आला होता. परंतु या नळ्यांची भिंत मिलिमीटरहून पातळ असते, आतून ऑईल पूर्ण निघत नाही, आणि एका भोकावर वितळवलेला धातू शेजारच्या जोडाला कमकुवत करून ठेवू शकतो. नवा कूलर घेतला. जुना टाकला नाही, आणि पुढे तोच सर्वांत उपयोगी पडला.

पहिली जाळी मी घाईत बसवली. नवा कूलर लावताक्षणीच त्याच्या तोंडावर काहीतरी पाहिजे, एवढाच विचार डोक्यात होता. स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी आणली, कात्रीने कापली आणि आठ केबल टाय घालून कूलरलाच घट्ट बांधून टाकली. दिसायला काम नेटके झाले होते. दोन महिन्यांनी सहज म्हणून बंपर उतरवला तेव्हा तीन टाय तुटलेले होते, जाळीचा एक कोपरा सुटून हलत होता, आणि ज्या ज्या ठिकाणी तिची तार फिनांवर टेकली होती तिथे तिथे ॲल्युमिनियमवर चांदीसारखी चकचकीत रेघ उमटली होती. नखाने चाचपले तर एका नळीवर खाच लागत होती. पोलादाची तार ॲल्युमिनियमपेक्षा कठीण, गाडीचे हादरे अखंड. मी रक्षणासाठी म्हणून कूलरच्या तोंडावर एक करवत बांधून दिली होती. शिवाय त्या रेघांच्या कडेने पांढरट पूडही धरू लागली होती. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले, त्यातून पाण्यात मीठ असले, तर दोघांच्या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियमच.

याच वेळी जुन्या कूलरचा उपयोग सुचला. तो भिंतीला टेकवून उभा केला, डोळ्यांना चष्मा लावला आणि गलोलीने त्यावर खडे मारले. खड्याचा वेग मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, त्यामुळे या खटाटोपातून कोणताही आकडा काढायचा नाही हे आधीच ठरवले होते. फक्त तुलना पाहायची होती. जाळी कूलरला चिकटवून ठेवली तेव्हा सुपारीपेक्षा थोड्या लहान खड्याने जाळी फाटली नाही, पण तिच्याखालची नळी मात्र चेपली, कारण जाळीने धक्का घेतला आणि जसाच्या तसा मागे पोचवला. तीच जाळी लाकडी पट्ट्यांवर दोन सेंटीमीटर पुढे ताणून बसवली, तेव्हा तिला वाटीसारखा सहा-सात मिलिमीटरचा खळगा पडला, खडा खाली पडला आणि मागच्या फिनांना ओरखडाही उमटला नाही. जाळी आणि कूलर यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, हे वाक्य कोणीही सांगितले असते तर मी मान डोलावली असती. पण चेपलेल्या नळीवर बोट ठेवल्यानंतर ते जसे समजले तसे एरवी समजले नसते.

दुसऱ्या खेपेला मी उलट टोकाला गेलो. आता एकही खडा आत जाता कामा नये, या हट्टाने बारीक जाळी निवडली: भोक दोन मिलिमीटरचे, तार अर्ध्या मिलिमीटरची. तिची चमक बंपरच्या तोंडातून वाईट दिसत होती म्हणून तिला काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. कूलरपासून अंतर व्यवस्थित सोडले, चौकट केली, सगळे मनासारखे झाले, आणि पहिल्याच लांबच्या फेरीत ऑईलचे तापमान असे चढले की मला वाटले थर्मोस्टॅट, म्हणजे ऑईल तापल्यावर त्याला कूलरकडची वाट उघडून देणारी झडप, अडकला.

थर्मोस्टॅट ठीक होता. मग मी कागद घेऊन बसलो, जे खरे तर आधी करायला हवे होते. चौकोनी विणीच्या जाळीत हवेला मोकळी वाट किती, हे काढणे सोपे आहे: भोकाची रुंदी भागिले भोक अधिक तार, आणि त्याचा वर्ग. माझ्या जाळीसाठी दोन भागिले अडीच, म्हणजे ०.८, वर्ग ०.६४, चौसष्ट टक्के. पण रंगाने प्रत्येक तारेला चहूबाजूंनी पाऊण दशांश मिलिमीटरचा थर चढवला होता. तार ०.६५ झाली, भोक १.८५ झाले, आणि मोकळी वाट पंचावन्न टक्क्यांवर आली. नुसत्या रंगाने नऊ टक्के हवेची वाट खाल्ली, तीही चमक लपवण्यासाठी. रंगाचा डबा जाळीच्या जवळ नेण्याआधी हे गणित प्रत्येकाने एकदा करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग दुसरा प्रश्न विचारला, जो मी त्याआधी स्वतःला कधी विचारलाच नव्हता: नेमका किती मोठा खडा थांबवायचा आहे? खड्याची इजा त्याच्या ऊर्जेवर ठरते, ऊर्जा वस्तुमानावर आणि वेगाच्या वर्गावर, आणि वस्तुमान हे व्यासाच्या घनावर. पंधरा मिलिमीटर व्यासाचा गोल खडा साधारण पावणेपाच ग्रॅमचा भरतो. गाडीवर तो ताशी १०० किलोमीटर वेगाने आदळला तर सुमारे १.८ ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. पाच मिलिमीटरचा खडा व्यासाने एक तृतीयांश, पण वजनाने आणि ऊर्जेने सत्ताविसावा हिस्सा, म्हणजे ०.०७ ज्यूल. तो आत आला तरी फार तर एखादी फिन वाकवील. याचा अर्थ असा की दोन मिलिमीटरच्या भोकाने ज्या बारीक खड्यांना अडवण्यासाठी मी एवढी हवा मोजत होतो, त्यांच्यापासून नळीला म्हणावा तसा धोका नव्हताच. सहा मिलिमीटर भोक आणि एक मिलिमीटर तार घेतली तर मोकळी वाट त्र्याहत्तर टक्क्यांहून जास्त मिळते, तार दुप्पट जाड असल्यामुळे मोठ्या खड्यापुढे जाळी जास्त टिकते, आणि आत शिरू शकणारा खडा वजनाने किरकोळ असतो. वेगाचा वर्ग मात्र विसरता येत नाही. ताशी १५० ला हेच आकडे सव्वादोन पट होतात, म्हणून शर्यतीच्या सर्किटवर गाडी नेणाऱ्याने पाच मिलिमीटरचे भोक घेतले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पुढच्या गाडीचे चाक खडीत उतरले की मागच्याच्या नाकावर काय येते, ते मी पाहिलेले आहे.

इथवर सगळे कागदावर होते. कागदावरचा भरवसा एकदा रंगाने धुऊन काढल्यामुळे मी मोजायचे ठरवले. तापमान मोजण्याची रीत साधी ठेवली: तोच सपाट रस्ता, तोच चौथा गिअर, ताशी १०० चा स्थिर वेग, वीस मिनिटे, आणि शेवटी ऑईलच्या तापमानातून बाहेरच्या हवेचे तापमान वजा. हा फरक महत्त्वाचा. नुसते ऑईलचे तापमान थंड दिवशी कोणतीही जाळी चांगली ठरवते. थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि माझी सगळी मोजमापे त्याच्या बरीच वर होती, त्यामुळे तो पूर्ण उघडा आहे असे धरायला हरकत नव्हती.

जाळी नसताना ऑईल ९७ अंश आणि हवा २७, म्हणजे फरक ७०. रंगवलेली बारीक जाळी असताना ऑईल १११, हवा २९, फरक ८२. चांगल्या सिंथेटिक ऑईलला १११ अंश हे काही संकट नव्हे. पण ही सपाट रस्त्यावरची स्थिर चाल होती, घाट किंवा सर्किट नव्हते, आणि १३० च्या पुढे मला कुठलेच ऑईल फार वेळ न्यायचे नाही.

दाब मोजण्यासाठी अगदी शाळेतली युक्ती वापरली. पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी घेऊन ती यू आकारात एका फळीवर बसवली, शेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवली आणि नळीत लाल शाईचे पाणी भरले. एक टोक कूलरच्या पुढे, दुसरे मागे, दोन्ही टोके वाऱ्याला आडवी राहतील अशी बांधली, कारण टोक वाऱ्याच्या तोंडाला असेल तर पाणी भलतेच चढते. फळी मांडीवर धरून पुतण्या शेजारी बसला. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एकच वाक्य तीनदा ऐकवले, "काका, पाणी नाचतंय, आकडा कुठला सांगू?" रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर पाणी उसळत होते. शेवटी नळीत एका जागी कापसाचा छोटा बोळा सरकवला, पाणी मवाळ झाले आणि आकडे वाचता येऊ लागले.

ताशी १०० वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा सगळा दाब मिळून पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत सुमारे ४७ मिलिमीटर भरतो. एवढेच भांडवल. ताशी ५० ला त्याच्या चौथाई, म्हणजे जेमतेम १२. या भांडवलातून पट्ट्यांनी घ्यायचे, डक्टच्या, म्हणजे बंपरच्या तोंडापासून कूलरपर्यंत हवा नेणाऱ्या बंदिस्त वाटेच्या, वळणांनी घ्यायचे, जाळीने घ्यायचे, आणि उरेल त्यावर हवा कूलरमधून ढकलायची. जाळी नसताना कूलरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूत २१ मिलिमीटरचा फरक होता. बारीक जाळी लावल्यावर १३. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की जाळी विकत घेताना पैसे मोजून व्यवहार संपत नाही, त्यानंतर प्रत्येक किलोमीटरला ती या ४७ मिलिमीटरांतून आपला वाटा घेत राहते.

जाळी कुठे बसवावी, हा प्रश्नही याच हिशेबाने सुटला. बंपरच्या तोंडाला, बाहेरच, बसवली तर ती साफ करायला सोपी, दिसायला बरी, आणि पाने डक्टमध्ये शिरतच नाहीत. बहुतेक जण तिथेच बसवतात. पण डक्ट हा तोंडाशी अरुंद आणि कूलरकडे रुंद होत जातो. माझ्या गाडीत तोंडाचे क्षेत्रफळ कूलरच्या चेहऱ्याच्या जवळपास निम्मे आहे, म्हणजे तीच हवा तोंडातून दुप्पट वेगाने जाते, आणि जाळीने खाल्लेला दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तीच जाळी तोंडाशी चौपट महाग पडते. म्हणून मी ती आत, कूलरसमोर, २५ मिलिमीटर अंतरावर बसवायचे ठरवले. तारेच्या मागे हवेची जी सावली पडते तीही एवढ्या अंतरात भरून येते आणि कूलरच्या चेहऱ्यावर हवा सारखी पसरते. साफसफाईसाठी बंपरखालची झाकणपट्टी सोडवावी लागते, ही गैरसोय मी पत्करली. ज्याच्या गाडीत डक्टच नाही, बंपरचे तोंड आणि कूलर यांच्यात नुसती पोकळी आहे, त्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. त्याने आधी डक्ट करावा, जाळीचे नंतर पाहावे.

चौकट बारा मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम अँगलची केली. जाळी निवडताना वाकवलेल्या तारांची वीण पाहून घेतली, म्हणजे प्रत्येक तार दुसरीला खाचेत धरून ठेवते; सरळ तारांच्या विणीत खडा लागला की तारा बाजूला सरकतात आणि जाळीत खिडकी उघडते. जाळी कापल्यावर कडेच्या टोकांना कानस मारली, कारण ती टोके सुईसारखी असतात आणि पुढच्या प्रत्येक साफसफाईत बोटांशी त्यांची गाठ पडणार असते. जाळी आणि अँगल यांच्यामध्ये रबराची पट्टी, प्रत्येक बोल्टखाली नायलॉनचा वॉशर, जेणेकरून स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना कुठेही भिडणार नाहीत. चौकट डक्टच्या भिंतींना सहा बोल्टांनी बांधली, कूलरला नव्हे. कूलर रबरी बुशांवर लटकलेला असतो आणि तो हलला पाहिजे. त्याला कडक बांधून ठेवले की हादरे त्याच्या कानांत साठतात आणि कधीतरी कान तडकतो. जाळी गाडीबरोबर हलते, कूलर आपल्या बुशांवर हलतो, आणि मधल्या २५ मिलिमीटरांत दोघांना एकमेकांचा उपद्रव नाही.

रंग दिला नाही. आत, अंधारात, तिची चमक कोणाला दिसतही नाही.

नवी जाळी लावून तीच फेरी केली: ऑईल १००, हवा २७, फरक ७३. पाण्याचा फरक १९ मिलिमीटर. जाळीची किंमत तीन अंश. मला ती मान्य होती, आणि काम इथे संपवायला हरकत नव्हती. पण यू-नळी अजून गाडीतच होती, आणि मोजण्याचे साधन हाताशी असले की माणूस नको तिथे नाक खुपसतो. कूलरच्या कडेने बॅटरीचा उजेड टाकला तर कूलर आणि डक्ट यांच्यात चारही बाजूंना बोट जाईल एवढी फट दिसली. हवा आळशी असते. फिनांच्या दाट गल्ल्यांतून जाण्यापेक्षा ती त्या फटीतून निघून जात होती. बंद छिद्रांचा, उष्णता सोसणारा, दहा मिलिमीटर जाडीचा फोम कापून त्या फटीत दाबून बसवला. स्पंजासारखा उघड्या छिद्रांचा फोम इथे चालत नाही, तो पाणी पिऊन बसतो. एका कोपऱ्यात होज आडवी येत होती, तिथे फोमला अर्धवर्तुळाकार खाच दिली. मग कूलरच्या मागची बाजू पाहिली. हवा आत येण्याची एवढी चिंता मी केली होती, पण ती बाहेर पडते त्या चाकाच्या कमानीतल्या झडपांमध्ये जुना चिखल आणि पानांचा चोथा सुकून दगड झाला होता. तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला.

पुन्हा तीच फेरी: ऑईल ९५, हवा २८, फरक ६७. पाणी २३ मिलिमीटर. म्हणजे जाळीसकट गाडी आता मुळापेक्षा तीन अंशांनी थंड चालत होती. जाळीवर मी तीन महिने डोके खपवले आणि जाळीने घेतलेल्याच्या दुप्पट परत दिले ते एका संध्याकाळच्या फोमने आणि खरवडण्याने. क्रम उलटा असता, आधी फटी बुजवून मग जाळी निवडली असती, तर बहुधा त्या बारीक जाळीच्या नादीच लागलो नसतो; निदान तिचा दोष लगेच कळला असता.

यानंतर जे उरले ते देखभालीचे. दर दोन महिन्यांनी झाकणपट्टी सोडवून जाळी उतरवतो. जाळीवर पाने आणि कागदाचे कपटे अडकलेले असतात, ते हाताने निघतात. कूलरच्या फिनांत किडे सुकून बसतात. त्यांच्यावर ओले फडके तासभर ठेवून मऊ करतो आणि मग मागच्या बाजूने, हवेच्या उलट दिशेने, साध्या पाइपचे मंद पाणी सोडतो. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र तिथे कधीही नेऊ नये. ते यंत्र एका झटक्यात इतक्या फिना आडव्या पाडते की खड्यांना तेवढे करायला वर्ष लागेल, आणि आडवी पडलेली फिन ही बंद झालेली गल्ली असते. वाकलेल्या फिना सरळ करायला फणी मिळते. माझे काम प्लास्टिकच्या पातळ पट्टीने भागते, पण घाई केली की फिन मुळापासून सुटते, म्हणून एका वेळी दहा-बाराच घेतो. बोल्ट परत घट्ट करतो, फोमवर बोट फिरवून तो कुठे सुटला नाही ना ते पाहतो, आणि होजच्या जोडांना पांढरे फडके लावतो. फडके पांढरेच लागते. काळपट फडक्यावर ऑईलचा पहिला डाग दिसत नाही. ट्रकच्या मागे मात्र आता मी चालतच नाही, एक तर पुढे जातो नाहीतर बरेच मागे राहतो, कारण जाळी असो वा नसो, काच तर उघडीच असते.

गेल्या खेपेला चौकट उतरवली तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ जाळीला एक खळगा पडलेला होता. दोन तारा आत ओढल्या गेल्या होत्या, वीण मात्र सुटली नव्हती. पट्टी आडवी ठेवून खोली मोजली: नऊ मिलिमीटर. डक्टच्या तळाला, कचरा पडून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकाच्या तोंडात अडकून, एक खडा बसलेला होता. काळा, एका बाजूने फुटलेला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्या समोरच्या फिना मी उजेडात धरून एक एक करून पाहिल्या. सगळ्या उभ्या होत्या. खळगा लाकडी हातोडीने ठोकून सरळ केला, चौकट जागी बसवली आणि सहाही बोल्ट आवळले.